गौरीची पावलं आणि बुजवलेली भोकं

रामघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं घर वर आणि काकूंचं खाली. मधे दगडी भिंत, आमच्या अंगणाची माती धरून ठेवणारी. उज्जैनला आम्ही तिला पुश्ता म्हणतो. तिच्यात तळाशी भोकं होती, आणि पावसाळाभर मातीत मुरलेलं पाणी त्यांतून काकूंच्या अंगणात ठिबकायचं.

काकू शेजारच्याच, पण मी लग्न होऊन इथे आले तेव्हा पुरणाची कणीक तिंबायला त्यांनी शिकवली. त्यांच्यासाठी काहीतरी करायची मला भारी हौस. त्या वर्षी गौरी यायच्या आदल्या दिवशी त्या कुरकुरल्या, की दरसाल मी अंगणात गौरीची पावलं काढते आणि हे मेलं पाणी ती पुसून टाकतं. झालं, माझ्या अंगात आलं. सिमेंट नुकतंच परमिटाशिवाय मिळू लागलेलं, त्याचंही कौतुक. देवास गेटवरून थैली आणली, भोकांत चिंध्या कोंबल्या, वर सिमेंट थापलं. काकूंनी माझी दृष्ट काढायचीच बाकी ठेवली.

पावलं छान उमटली. पाऊस मात्र थांबेना. आमच्या माळव्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि आता त्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही. गौरीजेवणाच्या दुपारी वरून पाहिलं तर भिंतीला पोट सुटलेलं. मी हाक मारेपर्यंत सगळा मलबा चिखलासकट खाली गेला. काकू नैवेद्याचं पान घेऊन अंगण ओलांडत होत्या. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्यात भेटायला येईल त्याला त्या सांगायच्या, की पाऊसच मेला बेफाम होता. भोकांचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही. उशाशी बसून मोसंब्या सोलत राहिले, आणि प्रत्येक फोड त्यांच्या हातात देताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढच्या वर्षी नवा पुश्ता उभा राहिला, भोकांसकट. काकूंना आता वाकता येत नव्हतं. काठी टेकत त्या उंबऱ्यात आल्या आणि रांगोळीची वाटी माझ्या हातात दिली. मी पावलं काढू लागले. भोकातून ओघळ आला, पहिलं पाऊल विरघळलं, आणि मी नकळत पाण्याच्या तोंडाशी फडकं दाबलं.

काकूंनी पुढे येऊन काठीच्या टोकाने ते फडकं बाजूला सारलं.

"वाहू दे ग," त्या म्हणाल्या. "गौरी पाय धुऊन येतील."

मी पुढचं पाऊल काढलं. वर बघायची माझी हिंमत झाली नाही.