पाचशे नव्वद वर्षांचा नालबंद

नांदूरघाटच्या स्टँडजवळ यासीनचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारा गडी, पण पेटीतल्या एका कागदानं त्याला असं काही गरगरवलं की शहादेवच्या गाडीचा ब्रेक काढून तो तीन दिवस लावायचाच विसरला. शहादेव पाय घासत गाडी थांबवत होता.

झालं असं, की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फौजेत असलेल्या गावकऱ्यांच्या नावांचा फलक ग्रामपंचायत लावणार होती. पुरावा शुक्रवारपर्यंत द्यायचा. यासीनचे वडील शफीचाचा शहाऐंशी वर्षांचे. आपले वालिद दगडूमियाँ पांढऱ्या घोड्यावर बसून ब्रह्मदेशात लढले, ही गोष्ट त्यांनी जन्मभर गल्लीला ऐकवली. घोड्याची शेपटी दरवर्षी वीतभर वाढायची, ती गोष्ट वेगळी. फलकावर बापाचं नाव बघायचं, मग डोळे मिटायला हरकत नाही, असं ते आता म्हणू लागले होते.

पुराव्यासाठी पेटीतून काढलेला कागद उर्दूत. यासीनची लेक लुबना वाचू लागली.

"दगडूमियाँ. निजामाच्या फौजेतून फारिग, म्हंजी मोकळे. पेशा नालबंद. सात बहमन, तेराशे पंचावन्न."

"नालबंद म्हंजी?"

"घोड्यांना नाल ठोकणारा."

यासीनचा पाना हातातच राहिला. लुबनानं मोबाईलवर हिजरी साल इंग्रजी करून पाहिलं. "अब्बा, एकोणीसशे छत्तीस येतंय. लढाई एकोणचाळीसला लागली."

"म्हंजी लढाईच्या आधीच घरी आले?"

"तसंच दिसतंय. पण हिजरीत बहमन नावाचा महिना कुठंच न्हाई. मोहरम हाय, सफर हाय."

"लिहिणाऱ्याची चूक असंल."

पण ते छत्तीस साल काही त्याच्या गळी उतरेना. वालिद फौजेतून परतले तेव्हा आपण सहा वर्षांचे होतो, असं शफीचाचा सांगत. छत्तीस साली तर त्यांचा जन्मच नव्हता. यासीननं बापाचं आधार कार्ड काढलं. जन्म एक जानेवारी, चाळीस. एक जानेवारीला तर अर्धं गाव जन्मलंय, त्याचं काय धरायचं? मग खोटं कोण, बाप की कागद? घोडा तर गेलाच होता, आता लढाईही गेली. रात्रभर बायको फरीदा म्हणत राहिली, "झोपा की, युद्ध संपलंय." त्यालाच तर ते लागलं का संपलं, कळेना.

शुक्रवारी तो नाव मागं घ्यायला मोहनराव तात्यांकडं गेला. हे निवृत्त तलाठी, फलकाची यादी त्यांच्याकडं होती. यासीननं हिजरीचा हिशेब सांगितला, तसा त्यांनी चष्मा चढवून कागद पाहिला.

"हे हिजरी कोण म्हणलं बे?"

"लुबना. मुसलमानाचा कागद, म्हणून..."

"निजामाच्या कचेरीत फसली साल चालायचं. आमच्या जुन्या जमिनीच्या कागदावर सगळं असंच हाय. मिळव पाचशे नव्वद."

यासीननं ग्रीस लागलेल्या बोटावर मोजलं. दोनदा. "पंचेचाळीस."

"आन बहमन फसलीतलाच महिना. डिसेंबरच्या आसपासचा. लढाई संपल्यावर सुटला तुझा आजा."

"ब्रह्मदेश लिव्हलेला न्हाई, तात्या."

"फौजेत होता हे लिव्हलंय, तेवढं बस हाय. हुद्दा काय टाकू?"

यासीननं कागदाची घडी घातली. "अब्बाला इचारून सांगतो."

शफीचाचा बाजेवर सुपारी कातरत होते.

"अब्बा, तुमचे वालिद घोड्यावर बसायचे का खाली?"

अडकित्ता थांबला. "कागदात काय हाय?"

"नालबंद."

"मग? तू गाडी दुरुस्त केल्यावर चक्कर मारतो का न्हाई?"

"मारतो."

"घोड्याची कोण मारणार? नाल ठोकल्यावर लंगडतोय का ते बसल्याबिगर कळत न्हाई."

"तुमाला आधीपासून म्हाईत होतं?"

"चहा सांग तुझ्या बायकोला," शफीचाचा म्हणाले.

फलकावर ‘दगडूमियाँ, नालबंद’ असं लागलं. चाचांनी अक्षरांवरून हात फिरवला आणि शेजारी उभ्या गल्लीतल्या भिवराबाईंना गोष्ट सुरू केली. मागं उभा यासीन डोकं खाजवत ऐकत राहिला. घोडा पांढराच होता. फक्त आता त्याचे चारही नाल नवे होते.