लॉजमधले देवीदास उके

गोंदियाचे देवीदास उके रेल्वेत गार्ड होते, तेव्हापासून महिन्यातून एकदा काळा कोट घालून लॉजला जायचे. आपल्याकडे लॉज म्हणजे प्रवाशांनी मुक्काम करायची जागा. त्यामुळे त्यांच्या सासूबाईंना, सुमित्राबाईंना, कित्येक वर्षं जावयाची काळजी वाटत होती. शेवटी एकदा त्यांनी तोंडावरच विचारलं, "जवाईबापू, घरदार असून लॉजवर कायले जाता?"

देवीदासना हसू आवरेना. त्यांनी समजावून सांगितलं की ही फ्रीमेसन लोकांची सभा. जुन्या गवंड्यांचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, ही त्यांची खूण. तिथे डॉक्टर, मिलवाले, मास्तर, गार्ड सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात, धर्माचे आणि राजकारणाचे वाद दाराबाहेर ठेवतात आणि जमेल तशी गोरगरिबांची मदत करतात.

"चांगलं काम आहे, तं दार लावून काऊन बसता?" सुमित्राबाईंचं काही समाधान झालं नाही.

देवीदासची धाकटी बहीण पिंकी लग्नाआधीच सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने गेली होती. रक्त मिळेल म्हणून आमगावहून तिला गाडीत घालून गोंदियाला आणलं, पण रक्त मिळेपर्यंत ती राहिली नाही. त्यानंतर देवीदासनी रक्त देणारी माणसं जोडायला सुरुवात केली. वय झालं तशी स्वतः रक्त देणं बंद करावं लागलं, पण कोणाला रक्त लागलं की देवरी, सालेकसापासून फोन त्यांनाच. लॉजमधले भाऊ त्यांच्या शब्दावर दवाखान्यात हजर व्हायचे.

त्याच लॉजमधले दुलीचंद कटरे मात्र रक्त द्यायला कधी गेले नाहीत. त्यांची राइस मिल होती, हात सढळ होता, पण सुईची भयंकर भीती. यावरून सगळे त्यांची मस्करी करत.

दोन वर्षांपूर्वी दुलीचंदनी देवरीकडच्या एका गावात ब्लँकेटं वाटली. फोटोवाल्याला यायला उशीर झाला आणि म्हातारी माणसं थंडीत ताटकळत बसली. देवीदासना राहवलं नाही. चारचौघांत ते म्हणाले, "दुलीचंदभाऊ, हे दान नाही, तमाशा होऊन राहिला."

दुलीचंदचा चेहरा पडला. "माझ्या मायच्या नावानं वाटून राहिलो मी. तिचा तमाशा म्हणतोस?"

त्या दिवसापासून बोलणं बंद. लॉजची रीत अशी की दोन भावांत वितुष्ट असेल तर ते मिटवल्याशिवाय त्यांनी सभेत बसू नये. एकाने तरी बाहेर राहायला हवं. देवीदास म्हणाले, "त्याले बसू द्या आत. मी बाहेर राहतो." दर महिन्याला ते यायचे, जेवणाची पानं मांडू लागायचे आणि सभा सुरू झाली की ओट्यावर बसायचे. लॉजचे प्रमुख वीरेंद्र डॉक्टर यांनी दोघांनाही समजावून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

मग गेल्या श्रावणात दुपारी बिसरामचा फोन आला. देवरीकडचा तेंदूपत्ता तोडणारा माणूस. त्याची मुलगी रीना पोटुशी होती, तीही सिकलसेलची, आणि गोंदियाला दवाखान्यात भरती होती. "भाऊ, बी निगेटिव्ह पाहिजे म्हणते. इथं नाही. नागपूरहून येईल, पण डॉक्टर म्हणते तेवढं थांबता नाही येत."

देवीदासनी ओळखीतल्या सगळ्यांना फोन लावले. त्या गटाचा एक गावाला गेला होता, दुसरा तापाने पडला होता. तिसरे दुलीचंद. देवीदासनी स्कूटर काढली आणि थेट मिल गाठली.

दुलीचंद वजनकाट्याजवळ उभे होते. "कायले आला?"

"माफी मागाले. माय तुझी होती, मी बाजूले नेऊन बोलाले पाहिजे होतं. अन् रक्त मागाले आलो. एक पोरगी अडली आहे."

दुलीचंद एक पाऊल मागे सरकले. "तुले मालूम आहे, मी सुईले भेतो."

"म्हणून तं फोन नाही केला. न्यायले आलो."

गाडीची किल्ली शोधायला दुलीचंद थांबले नाहीत. स्कूटरवर मागे बसले. रक्तपेढीत डोळे गच्च मिटून त्यांनी देवीदासचा हात असा दाबला की बोटं पांढरी पडली.

बिसराम दारात उभा होता. "हे तुमचे कोण होत?"

"भाऊ होय माझा," देवीदास म्हणाले.

आडनावं तर वेगळी, एक कटरे, एक उके. बिसराम दोघांकडे पाहत राहिला.

"लहान मी आहो," दुलीचंद डोळे न उघडता म्हणाले, "पण बोलते जास्त हाच."

रक्त वेळेत चढलं. दोन दिवसांनी ऑपरेशन करून रीनाला मुलगी झाली आणि दोघी सुखरूप घरी गेल्या. पुढच्या सभेला दुलीचंद आणि देवीदास एकत्रच आत गेले. वीरेंद्र डॉक्टरांनी दोघांना शेजारी शेजारी बसवलं.

आता दुलीचंदच्या मिलमध्ये हमालांच्या पोरापोरींची सिकलसेल तपासणी होते. लग्न जमवण्याआधी दोघांची तपासणी करा, हे देवीदास एकेका घराला पुन्हा पुन्हा सांगतात, न कंटाळता. काही लोक चिडतात, काही उठून जातात, तरी ते थांबत नाहीत. आणि रक्त काढताना कोणी रडायला लागलं, की मिलचे मालक शेजारी येऊन बसतात. "डोळे मीट," ते सांगतात, "मी पण मिटतो."