खेळपट्टीतली सुई

मैदानावर सगळे त्याला सुईवाला म्हणत. तेवीस वर्षं त्यानं खेळपट्टी राखली होती आणि खिशात कायम बायकोची विणायची एक सुई. ती मातीत बोटभर खुपसायची, उपसून अंगठ्यानं चाचपायची. वर वाळलेली माती आत ओली असली की सुईला चिकटून यायची. जोडीतली एक पळवली म्हणून बायकोचा स्वेटर तेवीस वर्षं बिनबाह्यांचा पडला होता, आणि ती ते विसरू देत नसे.

उद्या सामना, त्याआधी त्याचा सत्कार. मानपत्राची कच्ची प्रत कारकुनानं आधीच दाखवली, तेव्हापासून गड्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. सगळ्या मजकुरात एकच इंग्रजी शब्द होता. हंबल.

लेक शाळेत इंग्रजी शिकवायची. तिला विचारलं.

"नम्र, आप्पा. चांगलाच शब्द आहे."

"पण मलाच का?"

"मग काय तोंडाळ लिहायचं?" बायको आतून म्हणाली. "तसंही चालेल म्हणावं. घरी येऊन चौकशी करा."

लेकीनं जाडजूड शब्दकोश उघडला. "मूळ लॅटिनमधलं. ह्यूमस म्हणजे माती, जमीन. त्यावरून जमिनीलगतचा, खालचा, तो हंबल."

त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटेना. उठला, चपला घातल्या, काढल्या, परत बसला.

मागच्या वर्षी सामन्याच्या सकाळी सुई चिखल घेऊन आली होती. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, खेळवा. हा म्हणाला, साहेब म्हणतील तसं. ओल्या मातीत चेंडूचे खळगे पडले, उन्हानं ते टणक झाले, दुपारी एक चेंडू उसळला आणि एका फलंदाजाचा जबडा मोडला. चौकशीत यानं तोंड उघडलं नाही. सेक्रेटरींची खुर्ची वाचली.

"माती कुणाला साहेब म्हणते गं?" त्यानं अचानक विचारलं.

"म्हणजे?"

"ओली असली की ओलीच राहते. कुणाची खुर्ची बघून तासभर आधी वाळत नाही. तुझ्या पुस्तकवाल्यांनी माती कधी खणलेली दिसत नाही."

सकाळी त्यानं पट्टीवर सात ठिकाणी सुई खुपसली. सातही वेळा चिखल. कोट चढवून सेक्रेटरी आले.

"काय सुईवाले, तयार ना?"

"नाही साहेब. एक दिवस ऊन लागेल."

"वरून तर खडखडीत आहे! लोक येऊन बसलेत. सत्कार आहे तुमचा!"

"सत्कार करा की. सामना नको."

"मागच्या वर्षी काही बोलला नाहीत ते!"

"नाही बोललो. त्या पोराला अजून नीट चावता येत नाही."

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. पंच जवळच उभे होते. त्यानं सुई सरळ त्यांच्या हातात दिली. पंचांनी स्वतः खुपसून पाहिली, रुमालाला पुसली, रुमालाकडे बघितलं. सामना एक दिवस पुढे गेला. मानपत्राचं नाव कुणी काढलं नाही.

घरी बायकोनं रिकामे हात पाहिले. "कागद नाही दिला?"

"नाही."

"मग सुई तरी द्या माझी."

त्यानं खिशावर हात ठेवला. "उद्या लागेल. पहाटे परत बघायचंय."