अण्णा अजून काउंटरवर

मेडिकलमधल्या औषधांना एक्स्पायरी असते, किश्श्यांना नसते! शिरूरच्या आमच्या दुकानात साधं खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूसही माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, एखादा किस्सा ठेवूनच जातो. घरातले किस्से मी सून म्हणून ऐकले, दुकानातले फार्मसिस्ट म्हणून. त्यातले काही हसत सांगता येतात. काही सांगायच्या आधी मी एकदा मागे वळून बघते.

*

कवठे येमाईचे एक आबा चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागत होते.

अण्णा म्हणाले, "चिठ्ठीबिगर न्हाई जमायचं आबा. त्यापरीस घरी या. आमची मंडळी माहेरचं सांगाय लागली, की पाच मिन्टांत घोराल!"

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, डबा घेऊन मागेच उभ्या होत्या. डबा आला तसा घरी परत गेला.

*

गिऱ्हाईक यायच्या आधीच अण्णा त्याचं औषध काउंटरवर काढून ठेवायचे.

"गाडीचा आवाज वळखतो मी," असं सांगायचे.

एकदा असंच शुगरचं औषध काढून ठेवलं. थोड्या वेळानं कोरेगाव भीमाच्या कंपनीतले एक सुपरवायझर घामाघूम होऊन आले. तेच औषध हवं होतं!

"आज गाडीचा आवाज नाही आला?" मी सुपरवायझरना विचारलं.

"गाडी पंक्चर हाय मॅडम. घरनं चालत आलोय."

अण्णा गालात हसत बिल करत होते.

*

अण्णा एका दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. दहाव्याला घोड नदीवर कावळा शिवेना. माझ्या नवऱ्यानं सगळं कबूल केलं. दुकान चालवीन, बहिणीला अंतर देणार नाही. कावळे झाडावर गप्प!

शेवटी मीच हात जोडले. "अण्णा, आईंची बीपीची गोळी चुकू देणार नाही."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर!

सगळे रडता रडता हसले. मला मात्र धास्ती बसली. अण्णा गेल्यापासून आईंनी गोळीला हातच लावला नव्हता. रोज ती अण्णाच त्यांच्या तळहातावर ठेवायचे.

"ज्यांनी द्यायची ते देतील, तवाच घेईन," एवढंच म्हणायच्या. बीपी तर चढतच होतं. एक माणूस गेलं, आता दुसरंही डोळ्यांदेखत जाणार, या भीतीनं मला घास उतरेना.

*

हवापालट म्हणून नणंद आईंना दौंडला घेऊन गेली. दुसऱ्याच दिवशी आई परत!

"अहो, राहायचं ना चार दिवस!"

"तिथं हे येत न्हाईत," आई म्हणाल्या, आणि पालेभाजी निवडायला बसल्या.

*

दुसरे एक म्हातारे आबा डोळ्यांचे ड्रॉप्स न्यायला येतात. त्यांना फारसं दिसत नाही. परवा काउंटरशी आले आणि एकटेच खुदकन हसले.

"अण्णांची सवय काय जायची न्हाई!"

मी जड मनानं सांगितलं, "आबा, अण्णा गेले हो."

"व्हय? कवा?" आबा चपापले. "मंग आत्ता कोन म्हनलं, आबा, टोपी उलटी घातली म्हनून?"

त्यांनी टोपी काढून चाचपली. शिवण बाहेर होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

*

शेवटी मी डॉक्टरांना घरी आणलं. आईंना तपासून, "रिपोर्ट बघून कळवतो," म्हणाले. दुपारी त्यांचा फोन दुकानात मलाच आला.

"गोळी इतके दिवस बंद आहे, एकदम पूर्ण नको. आजपासून अर्धी सुरू करा. पण काहीही करून घ्यायला लावा."

मी शटर ओढलं आणि थेट घरी निघाले. आईंची समजूत कशी घालायची, याचीच रस्ताभर जुळवाजुळव करत होते.

आई जेवायला बसल्या होत्या.

"आई, ती गोळी..."

"घेतली की!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"पर आज अर्धीच दिली ह्यांनी," आई भाकरी मोडत म्हणाल्या. "म्हनले, आजपासनं एवढीच."

उरलेली अर्धी ताटाशेजारी ठेवलेली होती.