कोणालाही म्हणजे कोणालाही

पेन्शनच्या काउंटरवर बसलं की किस्से आपोआप साठत जातात. घरी सांगून सांगून आता माझा नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो, म्हणून तुम्हाला सांगते. भिवंडीतल्या आमच्या शाखेत एटीएम नवं नवं आलं आणि पाठोपाठ फसवणुकीचे फोनही आले. साहेबांनी पेन्शनर मंडळींना सावध करायचं काम माझ्या गळ्यात टाकलं. मी घसा फोडून सांगायचे, "पिन, पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. कोणालाही म्हणजे कोणालाही!" मंडळींनी ते फारच मनावर घेतलं.

*

पहिले आले रिटायर्ड गुरुजी. एटीएममध्ये कार्ड घातलं आणि तसेच बाहेर आले.

"काय झालं, गुरुजी?"

"ते मशीन पिन विचारतंय."

"मग टाका की."

"तुम्हीच म्हणालात ना, कोणालाही नाही? आत कोण बसलंय ते आपल्याला दिसतं का?"

मी काउंटरवर स्लिप भरून घेतली आणि पैसे दिले.

*

बबनकाका गणेशपुरीहून एसटीने यायचे. त्यांना मी म्हटलं होतं, पिन टाकताना वरून आडोसा धरा. काकांनी एटीएमच्या त्या एवढ्याशा खोलीत छत्री उघडली. ती अडकली, मिटेना, आणि काकांना दारातून बाहेर पडता येईना. वॉचमन सोडवायला धावला, तर आतून काकांचा आवाज आला, "तू आधी तिकडं तोंड कर!"

*

अन्सारीचाचा पाणीखात्यातून निवृत्त झालेले. नातवाने त्यांना ई-मेल काढून दिला होता. एक दिवस मेल आला, परदेशात एक शेठ वारला, वारस नाही, करोडो रुपये तुम्हाला देतो, खात्याचा नंबर पाठवा. ते ऐकून मी घाईने विचारलं,

"चाचा, जवाब तो नहीं दिया?"

"देना पडता है, मॅडम. उनके यहाँ मौत हुई है." चाचांनी सांत्वनाचा लांबलचक मेल पाठवला होता. समोरच्याने परत नंबर मागितला, तेव्हा चाचांनी लिहिलं, "ऐसे वक्त पैसे की बात अच्छी नहीं लगती. चालीसवां होने दो."

चाळीस दिवसांचा दुखवटा संपला, तरी त्याचा मेल आला नाही. चाचा मात्र अजून विचारतात, बिचाऱ्यांचं पुढे काय झालं असेल.

*

आता राहनाळच्या वत्सलामावशी. सरकारी दवाखान्यात आया होत्या. निवृत्तीचे सगळे पैसे आमच्याकडे ठेवलेले, यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी. पुण्याच्या मुलाने नेट बँकिंग सुरू करून दिलं आणि आईच्या लक्षात राहावा म्हणून पासवर्ड ठेवला बापाचं नाव. मावशी जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात तोंडाने घेतलेलं नाही. टाइप केलेलं चालतं म्हणे.

एकदा त्या काउंटरवर येऊन एका फोनबद्दल सहज सांगायला लागल्या. पासवर्ड मी तिथल्या तिथे बदलून घेतला, म्हणून आज हे बोलतेय.

झालं असं, की त्यांना फोन आला, "बँक से बोल रहा हूँ, आपका खाता बंद हो जाएगा." मावशी घाबरल्या. त्यांनी खाते नंबर सांगितला, कस्टमर आयडी सांगितला. माझं एवढं ओरडणं गेलं पाण्यात. मग तो म्हणाला, "अब पासवर्ड बोलो."

मावशी लाजल्या. "तो मी तोंडानं घेत न्हाय."

"माताजी, जल्दी बोलो. पैसा डूब जाएगा."

"आजपर्यंत न्हाय घेतला, आता या वयात काय घेऊ?"

तो टेकीला आला. "घर में और कोई है?"

मावशींनी फोन काकांच्या हातात दिला.

"आप कौन?"

"मैं काशिनाथ. बोलो."

"काशिनाथजी, आपकी बीवी का पासवर्ड क्या है?"

"मेरे कू क्या मालूम? उसने कभी बतायाच नहीं."

"आप किसी काम के नहीं हो, काशिनाथजी," असं म्हणून त्याने फोन आपटला.