वाटीत घातलेल्या मिरच्या

फाल्गुनातल्या कोवळ्या उन्हात माझ्या गॅलरीतलं ते बुटकं झाड नुसतं पाहत राहावं असं दिसतं. एकाच फांदीवर जांभळी, पिवळी, केशरी आणि लालभडक अशी मण्यांसारखी वाटोळी फळं, आणि तीही खाली न लोंबता आभाळाकडे तोंड करून उभी! गेल्या वर्षी दौलताबादच्या रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून मी ते आणलं, तेव्हा विकणाऱ्यानं ‘शोभेचं आहे’ एवढंच सांगितलं होतं. शोभेचं म्हटलं की आपण पुढचं काही विचारतच नाही. सौंदर्याचं पोटाशी काही नातं असेल, हे आपल्या मनात तरी कधी येतं का?

ईदला वरच्या मजल्यावरच्या रुबिना आपांकडून शीरखुर्म्याची वाटी आली. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हा आमच्या जिन्यातला अलिखित संकेत. पण सणाच्या दिवशी नुसती साखर देणं मला बरं वाटेना. मग मी ती रंगीत फळं खुडली आणि फुलं द्यावीत तशी वाटीत घालून पाठवली.

दुसऱ्या दिवशी आपा जिन्यात भेटल्या. त्यांची लेक पहिलटकरीण, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. आपांचा चेहरा नुसता फुलला होता.

“भाभी, तुमच्या मिरच्यांची चटनी वाटली. पोरीच्या पोटात कायच ठरत नव्हतं, काल तिनं भाकर मागून खाल्ली बघा!”

मी हसले खरी, पण मी तर ती शोभेची फळं म्हणून दिली होती. अशाच दिसणाऱ्या एका शोभेच्या झुडपाची लाल फळं विषारी असतात, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मग माझं झाड कोणतं? वर्षभर त्याला पाणी घातलं, त्याचं कौतुक केलं; त्याचं कूळ मात्र कधी विचारलं होतं का मी?

घरात येऊन एक फळ चिरलं. त्या विषारी फळात टोमॅटोसारखा गर असतो. हे आतून पोकळ निघालं, मधल्या पांढऱ्या शिरेला चपट्या बिया चिकटलेल्या. बोटांना ओळखीचा झणका आला. मिरचीच होती! रोपवाटिकेतून झाडासोबत आलेली फळं फवारणीमुळे खाऊ नयेत म्हणतात, पण ही तर माझ्याच गॅलरीत धरलेली. जीव भांड्यात पडला.

तरी चैन पडेना. वर गेले आणि आपांना सगळं सांगून टाकलं. लेक पलंगावर बसून ऐकत होती. आपा शांतपणे म्हणाल्या, “हिनं विचारलं होतं मला, अम्मी, ही कसली मिरची? मी म्हनलं, भाभीनं दिली हाय, खा.”

मिरचीच निघाली, हे नशीब. पण ते मला नंतर कळलं. त्या पोरीनं मात्र माझं नाव ऐकून निर्धास्तपणे घास घेतला होता.