ऊन पाण्याचा तलाव आणि माझी कायम नोकरी

आमच्या जामखेडकडे पाहुण्याला पाणी देण्याआधी घरातलं कुणीतरी विहिरीत वाकून बघून येई. अशा मुलखातून मी साखर कारखान्यात हंगामी फिटर म्हणून लागलो आणि वाट्याला काम काय आलं, तर पोहण्याचा तलाव तापवणं. कारखान्याचं नाव सांगत नाही. आपल्या जिल्ह्यात कुठूनही दगड भिरकावला तर एखाद्या कारखान्याच्या चिमणीला लागतो, त्यातलाच एक समजा. मोठा दुष्काळ अजून पडायचा होता, पाटाला पाणी होतं आणि संचालकांनी हौसेनं कॉलनीतल्या पोरांसाठी तलाव बांधला होता. पण गाळप हंगाम पडतो ऐन थंडीत. एका टाइमकीपरनं पैजेवर त्या पाण्यात उडी मारली, तर त्याचे दात संक्रांतीपर्यंत वाजत होते. त्या तालावर कॉलनीतल्या पोरांनी लेझीम बसवलं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

पुढच्या रविवारी पोरांच्या शर्यती ठरल्या. चीफ इंजिनिअर साहेबांनी मला बोलावलं. ते कमी बोलायचे आणि चष्म्याच्या वरून बघायचे.

"रविवारी पाणी कोमट पाहिजे. बॉयलरची वाफ चिमूटभरही घ्यायची नाही. जमलं तर तुला कायम करतो. नाही जमलं तर हंगाम संपला की तुझा रस्ता तुला मोकळा."

हंगामी माणसाला कायम होणं म्हणजे काय, हे ज्यानं वर्षातले सहा महिने घरी बसून सासऱ्याच्या तोंडाकडे बघितलंय त्यालाच विचारावं. मी 'जमतंय की' म्हणून बाहेर पडलो आणि मग विचार करायला लागलो.

वाफ नाही, तर ऊब आणायची कुठून? तर गटारातून. उसाचा रस भल्यामोठ्या बंद भांड्यांत आटवतात, तेव्हा त्याच्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, चांगलं कढत. पहिल्या भांड्याचं स्वच्छ पाणी बॉयलरला जातं. शेवटच्या भांड्यांच्या पाण्यात मात्र कधी कधी रसाचे तुषार उडून येतात. साखर बॉयलरला चालत नाही, म्हणून ते सगळं पाणी गटारात. दिवसरात्र ती उष्णता वाहून चालली होती आणि बाहेरची कुत्री त्या गटाराकडेला राजासारखी पसरलेली असायची. मी बुधवारी तिथून तलावापर्यंत पाइप टाकला.

पाणी सोडण्याआधी त्यात साखर आहे का, हे बघायला हवं होतं. प्रयोगशाळेत त्याचं औषध असतं, पण तिथं विचारायला जाणं म्हणजे फिटरला कमीपणा. आमच्यात रीत अशी, की बोट बुडवायचं आणि चाखायचं. मी चाखलं. बेचव लागलं. पाणी सोडलं.

चूक इथंच झाली. तीन महिने मी पाळीगणिक दोन तांबे गरम रस पीत होतो. कारखान्यातल्या माणसाची जीभ हंगामाच्या मध्यावर गोडाला बहिरी होते. त्या दिवसांत मी गुळाचा खडा मिठाचा म्हणून खाल्ला असता.

गुरुवारी सकाळी तीन तालुक्यांतल्या मुंग्या तलावाच्या काठावर हजर. गांधीलमाश्या वरून घिरट्या घालत होत्या. हौसेनं उतरलेली पोरं बाहेर आली ती चिकट होऊन. दोघे सख्खे भाऊ तर एकमेकांना असे चिकटले, की त्यांच्या आईनं दोघांना एकाच ताटात जेवायला वाढलं.

बॉयलरवरचे म्हातारे मिस्त्री, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणायचा, काठावर येऊन उभे राहिले. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, "लई झ्याक. आता यात शेवया सोड."

मी रडकुंडीला आलो होतो. मामांनी मला भंगाराकडे नेलं. तिथं जुन्या पितळी नळ्यांचा ढीग पडला होता. गोड पाणी तलावात सोडायचंच नाही, त्यांनी समजावलं. ते नळ्यांतून तळाशी फिरवायचं, ऊब तेवढी काढून घ्यायची आणि पाणी पुन्हा आपल्या वाटेनं गटारात. आम्ही तलाव उपसून धुतला, नळ्या जोडल्या आणि पाटाच्या पाण्यानं पुन्हा भरला. शुक्रवारी संध्याकाळी पाणी कोमट झालं. शनिवारी सकाळी पुन्हा गार. मी आणखी नळ्या मागायला गेलो, तर मामा चिडले.

"तुमच्या जामखेडला अंगुळीच्या हंड्यावर झाकन ठेवत्यात का न्हाई? का उघड्यावर तापवून आभाळाला अंगुळ घालता?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ऊब वरून उडून जात होती. साखरेच्या थप्प्यांवर घालायच्या ताडपत्र्या मी मागून आणल्या. पोती शिवणाऱ्या बायांनी त्या एकमेकींना शिवून दिल्या, आणि शिवता शिवता तलावाला चादर घालणारा नवरा कुणाला मिळालाय, याची चौकशीही केली. खाली तेलाचे रिकामे डबे बांधून ते झाकण तरंगत ठेवलं.

रविवारी झाकण ओढलं तेव्हा पाण्यावरून अशा वाफा निघाल्या, की पलीकडच्या वस्तीवरची माणसं आग लागली म्हणून बादल्या घेऊन आली. शर्यती काही झाल्या नाहीत, कारण पहिल्या उडीनंतर एकही पोरगं बाहेर यायला तयार होईना. साहेबांनी आधी बॉयलरचा दाब बघितला, मग पाण्यात हात घातला आणि मला म्हणाले, उद्या सगळा कारखाना फिर, उष्णता जिथं जिथं वाया जाते ती जागा लिहून आण, मग सही करतो.

सोमवारी मी यादी केली. गळकी झडप, उघडा पाइप, न झाकलेली टाकी. शेवटी पाय साहेबांच्या बंगल्यामागे वळले. तिथला बंब बाईसाहेबांच्या हुकमानं पहाटेपासून दुपारपर्यंत धगधगत होता, तोही एका माणसाच्या अंघोळीसाठी. बरोबर आलेले मामा म्हणाले, हे लिहू नको, खुळ्या. मी लिहिलं.

साहेबांनी यादी वाचली. शेवटच्या ओळीवर ते इतका वेळ थांबले, की मी मनातल्या मनात ट्रंक भरून जामखेडच्या एस.टी.त बसलो होतो. मग त्यांनी पेन उघडलं, मला कायम करायच्या कागदावर सही केली आणि यादी माझ्याकडे सरकवली.

"ही शेवटची ओळ बाईसाहेबांना तू वाचून दाखवायची. मी नाही."

कायम झालेला माणूस म्हणून मी केलेलं ते पहिलं काम. पुढं निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिलो, पण तेवढ्या जोखमीचं काम पुन्हा कधी अंगावर आलं नाही.